आतून उघडणारा फोन

इंटेक्सचा ‘क्लाउड एफएक्स’ आज भिवंडीत कुणाच्या खिशात सापडेल असं वाटत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये तो १,९९९ रुपयांना बाजारात आला. साडेतीन इंचांचा पडदा, १२८ एमबी रॅम, दोन सिम, मागे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. थ्रीजी नव्हतं. पाठोपाठ स्पाइसचा ‘फायर वन’ २,२९९ रुपयांना आला. दोन्ही फोनांच्या आत मोझिलाची फायरफॉक्स ओएस होती, आणि माझं त्या फोनांवर जे प्रेम बसलं ते केवळ त्यामुळे. आमच्या घरात आलेला पहिला स्मार्टफोन म्हणजे क्लाउड एफएक्स, आणि तो मी आप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी, घेतला होता.

आप्पा जॉबर होते. यंत्रमागांच्या कारखान्यात माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. धोटा उडाला, पिकर फाटला, ताणा तुटतोय, फणी घासतेय, काहीही झालं तरी हाक एकच. त्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण दहा मागांतला कुठला माग वेगळा वाजतोय हे त्यांना दारातून कळायचं. कुठलंही यंत्र हातात आलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत: उघडतं का? आणि उघडल्यावर परत बसतं का?

नवा फोनही त्यांनी आधी उघडला. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, सिमची खाच नखाने चाचपली, परत बसवलं. मग म्हणाले, “हे झालं वरचं. आतलं उघडतं का?”

उघडत होतं, आणि तीच तर या फोनची सगळी गंमत होती. मोझिलाच्या आंद्रेयास गॉल यांनी २०११ च्या जुलैत ‘बूट टू गेको’ नावाचा प्रकल्प जाहीर केला, त्याचंच पुढे फायरफॉक्स ओएस झालं. विचार साधा आणि धीट होता. वेबपान ज्यातून बनतं त्याच एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमधून अख्खा फोन बनवायचा. खाली लिनक्सचा पाया, मध्ये फायरफॉक्सचं गेको इंजिन, आणि वर ‘गाया’ नावाचा दर्शनी भाग. फोन लावायचा कळफलक, संपर्कांची यादी, गजराचं घड्याळ, सगळी मुळात वेबपानंच. वेबपान लिहिता येणाऱ्या कुणालाही या फोनसाठी अ‍ॅप लिहिता येत होतं. ते अ‍ॅप कुठल्या दुकानातूनच घ्यायला हवं असंही नव्हतं. तुमच्या स्वतःच्या साइटवर ठेवा, समोरच्याने पान उघडून बटण दाबलं की त्याच्या फोनवर बसलं. परवानगी कुणाची नाही, वाटा कुणाचा नाही.

संगणकावर या फोनची हुबेहूब नक्कल चालवता यायची. मी ती सुरू केली, डायलरच्या आकड्यांची ओळ शोधली, रंगाचा शब्द बदलला. पडद्यावरचे दहाही आकडे लाल झाले. आप्पा खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, “पिवळे कर.” केले. मग स्वतःच बोट ठेवून विचारत गेले, ही ओळ कशाची, ती कशाची, ही काढली तर काय बंद पडेल. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण कुठला भाग कशाला जोडलेला आहे एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं. त्या रात्रीइतका वेळ आम्ही दोघं एका यंत्रासमोर पूर्वी कधी बसलो नव्हतो. मी कारखान्यात गेलो नाही, शिकलो, याचा त्यांना आनंदच होता. पण माझं काम म्हणजे नेमकं काय, हे त्यांना त्या रात्री प्रथमच कळलं असावं.

मग मी मागांवरच्या कारागिरांसाठी एक पान लिहिलं. भिवंडीत कारागिराची मजुरी मीटरवर ठरते. किती मीटर निघालं ते कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींच्या वहीत लिहिलं जातं, उचल त्याच वहीत, कापडात डाग निघाला म्हणून कापलेले पैसेही त्याच वहीत. कारागिराजवळ स्वतःची वही नसते. हिशेबाच्या दिवशी मेहताजी जो आकडा सांगतील तो. आकड्यावरून कुरबूर कुठल्या कारखान्यात झाली नसेल? माझ्या पानावर चार रकाने होते: तागा, मीटर, भाव, उचल. खाली बाकी किती ते आपोआप यायचं. नेट नसलं तरी चालायचं, कारण पत्र्याच्या शेडमध्ये टूजीसुद्धा धड मिळत नसे.

पद्मानगरातले एक अण्णा होते, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरातले. त्यांच्या दोन पिढ्या इथल्या मागांवर गेल्या होत्या. दुसरे जौनपूरकडचे एक चाचा. दोघांनी आप्पांचा फोन पाहून तसाच घेतला. अण्णा रोज पाळी सुटल्यावर आकडे भरायचे. भरण्याआधी शर्टाच्या टोकाने फोन पुसायचे, तरी चार्जिंगच्या भोकात रुई जाऊन बसायचीच. कारखान्यातली हवाच रुईची. आप्पा सुईने ती हळूच ओढून काढत, आणि दाबून बसलेल्या रुईचा एक करडा पट्टाच बाहेर येई. ही अडचण कुठल्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत कुणाला सुचली नसणार.

उणिवा पुष्कळ होत्या. दोन गोष्टी एकदम उघडल्या की पहिली बंद पडायची. कॅमेरा नावापुरता. पण या फोनचा घात केला तो व्हॉट्सअ‍ॅपने. दुकानात कुणीही हातात घेतला की पहिला प्रश्न, “व्हॉट्सअ‍ॅप है क्या?” नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपने फायरफॉक्स ओएससाठी अ‍ॅप काढलं नव्हतं. काही हौशी मंडळींनी पर्यायी अ‍ॅप केली होती, ती आज चालायची आणि उद्या बंद. गावाकडून बायकोमुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येणार असतील तर मजुरीचा हिशेब ठेवणारं पान घेऊन माणूस काय करील? चाचांनी पुढे दिवाळीच्या बोनसमध्ये अँड्रॉइडचा फोन घेतला तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. माणसाला आधी आपली माणसं हवीत.

डिसेंबर २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडोत मोझिलाची मंडळी जमली होती. तिथे जाहीर झालं की मोबाइल कंपन्यांमार्फत फायरफॉक्स ओएसचे फोन विकणं आता थांबेल. वापरणाऱ्याला जो दर्जा द्यायला हवा तो देता आला नाही, हे कारण. यापुढचा भर ‘कनेक्टेड डिव्हायसेस’वर, म्हणजे इंटरनेटला जोडलेली घरातली यंत्रं, टीव्ही, संवेदक यांवर. काही आठवड्यांनी कळलं की मे २०१६ मध्ये निघणाऱ्या २.६ या आवृत्तीनंतर मोझिलाची माणसं फोनचं काम सोडतील.

मला राग आला होता, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. मोझिला ही नफ्यासाठी चालणारी संस्था नव्हे. वेब सगळ्यांचं राहावं म्हणून झगडणाऱ्यांची ती संस्था, आणि जगभर हजारो स्वयंसेवकांनी तिच्यासाठी रात्री जागवल्या. म्हणूनच तिच्याकडून अपेक्षा अधिक होती. हरणं मी समजू शकतो. दोन बलाढ्य कंपन्यांनी फोनचा बाजार वाटून घेतल्यावर तिसऱ्याने शिरकाव करायचा म्हणजे सोपं काम नाही, मायक्रोसॉफ्टलाही ते जमलं नाही. पण घोषणेतली भाषा पुढे जाण्याची होती. नवं क्षेत्र, नव्या संधी, नवे प्रयोग. ज्यांच्यासाठी दोन हजारांचा फोन काढला ती माणसं त्या भाषेत कुठे नव्हती. अण्णांच्या फोनवर काही संदेश आला नाही. त्यांच्या लेखी काहीच बंद पडलं नव्हतं. काही दिवसांनी एकेक साइट उघडेनाशी झाली आणि त्यांना वाटलं, आपल्याच हातून काही बिघडलं. ते फोन घेऊन आप्पांकडे आले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की तिकडे अमेरिकेत हे काम बंद केलंय.

“माग चालू असताना जॉबर निघून गेला म्हणायचं,” आप्पा म्हणाले.

त्याच वर्षांत आमच्या गावाचंही तेच चाललं होतं, म्हणून ते वाक्य मला अधिक लागलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. मजुरी रोखीवर चालणारा धंदा, तो जागच्या जागी थबकला. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. वीज, सूत, बाहेरचं स्वस्त कापड ही दुखणी आधीचीच होती. मालक एकेक शेड रिकामी करू लागले. माग किलोवर भंगारात जायचे. ज्या मागांचा एकेक नट आप्पांच्या ओळखीचा, ते टेम्पोत उलटे टाकून नेताना त्यांनी पाहिले. दुसरीकडे माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, काशेळी या पट्ट्यात गोदामांची रांग वाढत गेली. मुंबईची जकात हद्दीबाहेरच टाळता यावी म्हणून इथे गोदामं फार आधीपासून होतीच. जकात गेली, पण मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, जमीन तुलनेने स्वस्त, आणि ऑनलाइन खरेदीला बहर, त्यामुळे गोदामं फोफावली. भिवंडीनेही आपलं जुनं काम थांबवून नव्या काळाची वाट धरली असं लोक कौतुकाने सांगतात. मी ते कौतुक ऐकतो, आणि मला अण्णा आठवतात. मुलगा तेलंगणात नोकरीला लागल्यावर ते तिकडे निघून गेले. जाताना आप्पांना घट्ट धरून उभे होते.

आप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. फुप्फुसात आयुष्यभराची रुई साठलेली. शेवटच्या आजारातही त्यांचा फोन उशाशी असे. कॉल तेवढे लागायचे त्यावर, आणि हिशेबाचं पान अजून उघडायचं. त्यात नवीन भरण्यासारखं काही नव्हतं.

आणि मोझिलाने ज्यासाठी फोन सोडला त्या कनेक्टेड डिव्हायसेसचं काय झालं? तिने बरेच प्रयोग मांडले होते. हवेतल्या सूक्ष्म धुळीची नोंद लोकांनीच मिळून ठेवावी असं संवेदकांचं एक जाळं होतं. ‘वाणी’ नावाचा बोलून चालणारा मदतनीस होता. धुळीच्या त्या प्रकल्पाविषयी वाचताना मी थबकलो होतो. भिवंडीच्या शेडमध्ये तसा एक संवेदक कुणी लावला असता तर? फेब्रुवारी २०१७ मध्ये तो विभागच गुंडाळला गेला आणि सुमारे पन्नास जणांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याच्यासाठी आम्हाला सोडलं तेही टिकलं नाही, याचं समाधान मला झालं नाही. उलट अधिक रितं वाटलं.

फायरफॉक्स ओएसचा कोड मात्र खुला होता, आणि तो मेला नाही. त्यातूनच काय-ओएस निघाली. २१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला, १,५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर, तो याच काय-ओएसवर चालणारा. जून २०१८ मध्ये गूगलने काय-ओएसमध्ये २.२ कोटी डॉलर घातले. ज्या अँड्रॉइडला पर्याय म्हणून हे सगळं सुरू झालं, त्याच अँड्रॉइडच्या मालकाने. त्याच सप्टेंबरात जिओफोनवर व्हॉट्सअ‍ॅपही आलं. आमच्या फोनला जे कधी मिळालं नाही ते त्याच्या वंशजाला मिळालं. भिवंडीच्या नाक्यानाक्यावर तो कळांचा काळा फोन दिसू लागला, आणि तो बनवणाऱ्यांनी गरिबाच्या हातात फोरजी दिलं हे मी नाकारणार नाही.

पण त्यात माझं पान मला बसवता आलं नाही. अ‍ॅप घालायचं तर त्यांच्या दुकानातून, त्यांच्या मंजुरीनेच. कोड तोच, ओळीसुद्धा पुष्कळशा त्याच असतील, पण दार आता दुसऱ्याच्या हाती होतं. गमावलं ते हे. १,९९९ रुपयांच्या फोनमध्ये माणसाला आपल्या हाताने आपल्या कामाचं काही घालता येत होतं, कुणाला न विचारता. स्वस्त फोन पुढेही पुष्कळ आले. तसा परत आला नाही.

चाचा गेल्या वर्षी कल्याण नाक्यावर भेटले. वय झालंय, तरी माणकोलीकडे एका गोदामात ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. पैसे पेटीमागे मिळतात. दारात एक पोरगा हातातलं स्कॅनर घेऊन उभा असतो, प्रत्येक पेटीवर लाल उजेड पाडतो, आणि आकडा थेट कुठल्यातरी संगणकात जातो. इंटरनेटला जोडलेली यंत्रं भिवंडीत आली ती अशी. आकडा ठेकेदाराला दिसतो, कंपनीला दिसतो. पेटी ज्याने पाठीवर घेतली त्याला दिसत नाही. आठवड्याच्या शेवटी ठेकेदार सांगेल तो.

“वो तेरे अब्बा के फोनवाला हिसाब,” चाचा म्हणाले, “उसमें मीटर की जगह पेटी हो सकता है?”

ते जुनं वेबपान कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं, त्यांच्या अँड्रॉइडवरही उघडलं. घरी येऊन मी ‘तागा’चा रकाना काढला, ‘मीटर’च्या जागी ‘पेटी’ घातलं, ‘उचल’ तशीच ठेवली. परवा त्यांचा फोन आला होता. त्यांच्या टोळीतल्या आणखी दोघांना ते हवंय, आणि त्यातल्या एकाला आकडे बंगालीत दिसायला हवेत.