क्लिकनंतरचं काम

ब्राउझर ऑटोमेशनच्या स्क्रिप्टमध्ये डाउनलोडचा भाग बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. बटणावर क्लिक, मग दहा सेकंदांचा स्लीप. पण क्लिक ही नुसती मागणी असते. फाइल पूर्ण आली आणि हवी होती तीच आली, याची खात्री होईपर्यंत स्क्रिप्टने डाउनलोड झालं असं समजू नये, या मतापर्यंत मी आलो आहे. ठरावीक सेकंद थांबण्यात दोन्हीकडून तोटा आहे. नेट वेगवान असेल तर वेळ फुकट जातो, मंद असेल तर अर्धवट फाइल हाती येते. मग कोणी फोल्डरवर नजर ठेवतं, पण तिथेही फसगत होते. क्रोम अपुऱ्या फाइलला ‘.सीआरडाउनलोड’ असं शेपूट लावतो आणि काम संपल्यावर काढतो, हे सोयीचं. फायरफॉक्स मात्र ‘.पार्ट’ फाइल भरत असतानाच शेजारी खऱ्या नावाची शून्य बाइटची फाइल ठेवू शकतो, त्यामुळे ‘फाइल आहे का?’ या प्रश्नाला होकार मिळतो आणि स्क्रिप्ट रिकामी फाइल घेऊन पुढे जाते. त्यात कालचीच फाइल फोल्डरमध्ये पडलेली असली, तर क्रोम नव्या फाइलच्या नावाला कंसात एक जोडतो आणि ठरलेल्या नावाने शोधणारी स्क्रिप्ट जुनीच उचलते. म्हणून प्रत्येक रनला वेगळं, रिकामं फोल्डर द्यावं.

मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेल्या प्लेराइट या ब्राउझर ऑटोमेशन लायब्ररीने डाउनलोडला इव्हेंट मानलं, ही मला त्यातली सर्वांत समजूतदार गोष्ट वाटते. ‘एक्सपेक्ट डाउनलोड’ आधी लावायचं आणि क्लिक त्याच्या आत करायचा. हा क्रम उलटला तर इव्हेंट येऊन जातो आणि ऐकायला कोणी नसतं. फाइल तात्पुरत्या जागी, भलत्याच नावाने उतरते आणि ब्राउझरचं कॉन्टेक्स्ट बंद झालं की पुसली जाते, म्हणून ‘सेव्ह ॲज’ त्याआधीच करावं लागतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे: मुळात ब्राउझर हवाच कशाला? सेलेनियम या दुसऱ्या ऑटोमेशन साधनाचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनही सांगतं, की लिंक आणि कुकीज घ्या आणि फाइल एचटीटीपी लायब्ररीने आणा. थेट लिंक असेल तिथे मीही तेच करीन. पण कित्येक साइट्सवर फाइल पानातल्या जावास्क्रिप्टमध्येच तयार होते; सर्व्हरवर तिचा पत्ताच नसतो. शिवाय मार्ग कोणताही घेतला तरी तपासणी टळत नाही. सेशन संपलेलं असेल तर सर्व्हर अनेकदा 200 हाच स्टेटस देऊन लॉगिनचं पान पाठवतो आणि ते ‘रिपोर्ट.एक्सएलएसएक्स’ या नावाने मुकाट्याने साठवलं जातं. डाउनलोड पूर्ण, एरर नाही, आकारही शून्य नाही, आणि तरी फाइल चुकीची! ती ओळखायला सुरुवातीचे चार-पाच बाइट पुरतात. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या तीन अक्षरांनी होते. एक्सएलएसएक्स ही मुळात झिप फाइल, म्हणून तिच्या आरंभी ‘पी’ आणि ‘के’ असतात. तिथे कोनी कंस दिसला, तर एचटीएमएल आलं असं बहुधा खुशाल धरावं. एवढं करूनही मजकूर योग्य महिन्याचा आहे का, हे कळत नाही. त्यासाठी फाइल उघडून एखादा रकाना वाचावाच लागतो.

छोट्या स्क्रिप्टला एवढा खटाटोप कशाला, असंही म्हटलं जातं. समोर बसून चालवायची असेल तर नको, हे मान्य. पण स्क्रिप्ट क्रॉनवर टाकली की रात्री तिच्याकडे पाहायला कोणी नसतं. चुकीची फाइल पुढच्या टप्प्यात जाते, आकडे बिघडतात आणि चूक उघडी पडते ती तिसऱ्याच ठिकाणी, जिथून मूळ कारणापर्यंत पोहोचायला दिवस जातो. त्या मानाने तपासणीच्या पाच-सात ओळी स्वस्त आहेत. तपासलेली फाइलच अंतिम जागी हलवा, तीही त्याच डिस्कवर रिनेम करून, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अर्धी फाइल कधीच दिसणार नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये क्लिकखाली स्लीप असेल, तर आजच काढा आणि त्या जागी ही तपासणी लिहा.