छत्तीसचा आकडा

आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका पाहतात. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की मंडळी जेवणावळीच्या यादीला लागतात आणि उरलेले अठरा नवराबायको जन्मभर जुळवत बसतात. हातातल्या यंत्रात घालायचं मेमरी कार्ड मात्र इतकं समजूतदार नसतं. यंत्राशी जुळलं तर छत्तीस गुण, नाही जुळलं तर छत्तीसचा आकडा!

बरं, वस्तू केवढी? १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि १ जाड. जवळ कोणी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत सापडायची नाही. पण तिच्या अंगावरचं गोंदण पाहा. 'सी'च्या पोटात १०, 'यू'च्या पोटात ३, शेजारी 'व्ही ३०', खाली 'ए १'. आम्ही पडलो बी.कॉम.; आकडे दिसले की बेरजेसाठी हात शिवशिवतात. इथे बेरीज करायची नसते. 'यू'तला ३ आणि 'व्ही ३०' दोघेही एकच सांगतात, की हे कार्ड सेकंदाला निदान ३० एमबी लिहून घेईल. म्हणजे एकाच गृहस्थाचं पाळण्यातलं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव. 'सी'तला १० सेकंदाला १० एमबीची हमी देतो आणि 'ए १' कार्डावरून ॲप चालवणाऱ्यांसाठी असतो. ज्याला फक्त भजनं ऐकायची आहेत त्याला ही सगळी नक्षीच. सगळ्यात ठसठशीत छापलेला '१५० एमबी'सारखा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, आणि त्याच्यामागे बारीक अक्षरात 'पर्यंत' लिहिलेलं असतं. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला 'पर्यंत' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

खरी मेख गोत्रात आहे. तीन कंपन्यांनी मिळून १९९९ साली एसडी कार्ड काढलं. त्याची मजल २ जीबीपर्यंत. २००६ साली एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंतचं. २००९ साली एसडीएक्ससी आलं, त्याच्या पुढचं, थेट २ टीबीपर्यंत. गंमत अशी, की तिघांची खाच तीच. त्यामुळे कार्ड आत सहज जातं आणि माणूस निर्धास्त होतो. पण आत जाणं वेगळं आणि नांदणं वेगळं. नवं यंत्र जुनं कार्ड सांभाळून घेतं, जुन्या यंत्राला नवं कार्ड पचत नाही. (आमच्या घरातही तोच नियम आहे, फक्त कोण नवं आणि कोण जुनं यावर एकमत नाही.)

आता या नियमालाही अपवाद निघाला. माझ्या भाच्याला त्याच्या अमेरिकेतल्या काकांनी २०२५ साली बाजारात आलेला निन्टेंडो स्विच २ हा खेळ पाठवला. भाच्याकडे आधीच्या, म्हणजे २०१७च्या स्विचमधलं कार्ड होतं. नव्यात ते अगदी ऐटीत बसलं. मात्र त्यावरचे फोटो आणि व्हिडिओ तेवढे उतरवून घेता येतात, खेळ चालत नाहीत. खेळांना 'मायक्रोएसडी एक्स्प्रेस' लागतं. आकार तोच, पाठीवर संपर्कांची एक रांग जास्त आणि किंमत मात्र बरीच जास्त. "मामा, बसतंय तर खरं!" भाचा रडकुंडीला येऊन म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, पॅसेंजरचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्येही बसता येतंच. टी.सी. येईपर्यंत."

आमच्या हेडकॅशियरांची कथा याहून करुण. खोटी नोट बोटाला कळते, अशी त्यांची ख्याती. त्यांनी फुटपाथवर १ टीबीचं कार्ड चारशे रुपयांत घेतलं. मोबाईलही म्हणाला, १ टीबी. वास्तविक आत जागा होती ८ जीबी. पण कार्डातल्या कारकुनाला, म्हणजे कंट्रोलरला, खोटं बोलायला शिकवलेलं. पासबुकात लाखाची शिल्लक आणि तिजोरीत आठशे रुपये! तिजोरी भरली की असं कार्ड जुन्याच्या उरावर नवं लिहीत सुटतं किंवा लिहिल्याचं नुसतं नाटक करतं. साहेबांच्या मुलीच्या लग्नातले अर्धे विधी असे गेले. उपाय कॅशियरचाच आहे: नवं कार्ड आणलं की आधी काठोकाठ भरायचं आणि सगळं पुन्हा वाचून ताळा करायचा. ६४ जीबीच्या कार्डावर ५९.६ दिसले तर मात्र दुकानदाराशी भांडू नये. तो हजारांनी मोजतो, संगणक १०२४नी. टी.डी.एस. कापला म्हणायचं.

हे सगळं शहाणपण कामी आलं ते आईच्या फोनसाठी. बटणांचा फोन. त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, ३२ जीबीपर्यंत. पुस्तिका वाचणं ही आमच्या घराण्यात अपमानाची गोष्ट असल्यामुळे धाकटे बंधुराज १२८ जीबीचं कार्ड घेऊन आले. एवढाल्या कार्डांवरची मांडणी निराळ्या पद्धतीची असते; जुन्या फोनला ती आपल्याला मोडी लिपी दिसावी तशी दिसते. फोनने विचारलं, 'फॉरमॅट करायचं? सगळी माहिती पुसली जाईल.'

आईने फोन खाली ठेवला. तिचं जुनं २ जीबीचं कार्ड तिने वेलदोड्याच्या डबीत जपून ठेवलं होतं. त्यात नानांचा आवाज आहे. स्तोत्र नाही, आशीर्वाद नाही; चुकून बटण दाबलं जाऊन टिपलेलं, दूधवाल्याशी अर्ध्या लिटरच्या हिशोबावरून झालेलं चार मिनिटांचं भांडण. नाना गेल्यावर आई ते दुपारी ऐकते.

"तुमचं एकशे अठ्ठावीस तुमच्यापाशीच ठेवा रे," ती म्हणाली. "माझे नाना दोनात मावतात."

मग मी ३२ जीबीचं एसडीएचसी कार्ड आणलं, भरून ताळा केला, डबीतलं भांडण आधी संगणकावर उतरवलं, मग नव्या कार्डावर. जुनं पुन्हा वेलदोड्यात. आता नाना एकाच वेळी तीन ठिकाणी दूधवाल्याशी भांडतात. चौथं ठिकाण वर आहे. तिथल्या दूधवाल्याची मला फार काळजी वाटते.