श्री. पिस्ता रंग यांस अनावृत पत्र

श्री. पिस्ता रंग यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदा दिवाळीआधी आईच्या खोलीला मोतिया लावायचं ठरलं आहे. रंगाऱ्याकडून कळण्याआधी ही बातमी माझ्याकडून कळावी, म्हणून हे लिहितो आहे.

तुमचा आमचा घरोबा जुना. चुन्यात पूड आणि डिंक कालवून तुम्ही भिंतीवर यायचात, तेव्हापासूनचा. टेकून बसलं की सदऱ्याच्या पाठीवर उतरायचात आणि आई आमच्यावर ओरडायची. मे महिन्यात उन्हातून घरात आलं की तुमच्याकडे बघून डोळे निवायचे. त्याचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानतो.

पण तक्रारही आहे. शेड कार्डावर बोटभर असता तेव्हा केवढे सौम्य! खोलीभर पसरलात की चारी भिंती तुमचाच रंग एकमेकींवर फेकतात आणि तुम्ही गडद होऊन बसता. त्यात आईची खोली उत्तरेची. थेट ऊन फारसं नाही. येतो तो आभाळाचा निळसर उजेड आणि खिडकीतल्या आंब्याच्या पानांवरून परतलेला हिरवट. प्राइमरवर दोन-दोन हात मारून तुम्हा दोघांचे चौकोन करून घेतले, खिडकीसमोर आणि कोपऱ्यातही. सकाळी तुम्ही छान होतात. दुपारी परतीच्या पावसाचं आभाळ भरलं आणि कोपऱ्यात पार राखाडी झालात. रात्री साडेसहा हजार केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तर दवाखान्याची भिंत. तुमची बाजू घेऊन तीन हजार केल्विनचा पिवळसर दिवाही लावून पाहिला, तर शेवाळी दिसू लागलात. मोतियात पिवळ्याचा अंश आहे, तो निळसर उजेडाला सांभाळून घेतो. आईचा बराचसा दिवस आता त्या खोलीतच जातो. तिचा चेहरा फिकट दिसलेला मला सोसवत नाही.

तेव्हा रागावू नका, एक विनंती ऐका. स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. दुपारनंतरचं पिवळं ऊन तिथल्या भिंतीवर चढतं आणि मोतिया त्यात फारच पिवळा पडतो. तिथे तुम्हीच हवे आहात, मात्र दोन छटा फिकट होऊन. आणि ओट्यामागची भिंत पुसता यावी म्हणून डिस्टेंपर नको, धुता येणाऱ्या इमल्शनमधून या. रंगारी सोमवारी येतोय. तुमचा डबा आधी उघडायला सांगितलं आहे.

कळावे, लोभ असावा.