शीट म्हणजे शीड नव्हे

वाघोलीहून समुद्र दूर आहे. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील आमच्या या गावात वाघेश्वराचे मंदिर आहे, दगडखाणी आहेत. शिडाची नौका मात्र नाही. तरीही दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, नौदलात कमांडर असताना, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेविषयी वाचू लागल्यापासून शिडांच्या दोरांनी आम्हांला पछाडले आहे. असे लेखन मराठीत आणू पाहणाऱ्याची पहिली अडचण तिथेच आहे: इंग्रजी नाविकांच्या भाषेत ‘शीट’ म्हणजे कापड नव्हे, दोर.

या दोरांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते स्पिनेकरपाशी. वारा पाठीमागून येत असता नाळेपुढे फुगवतात ते मोठे, हलके शीड म्हणजे स्पिनेकर. त्याचे वरचे टोक डोलकाठीवर चढवलेले असते. खालचे दोन्ही कोपरे दोरांच्या हवाली. वाऱ्याकडचा कोपरा बाहेर ताणून धरण्यासाठी डोलकाठीपासून एक दांडा आडवा काढतात. त्याला एक दोर वरून तोलून धरतो, दुसरा खालून आवरतो, तर शिडाच्या कोपऱ्याला बांधलेला तिसरा दांड्याच्या टोकातून मागे नाविकाच्या हाती येतो. खालचा दोर ढिला पडला तर दांडा उसळून वर जातो. मागचा सुटला तर तो पुढच्या तणाव्यावर आदळतो. दांडा स्थिर दिसतो, तो परस्परविरुद्ध ओढींमुळे.

मागे येणाऱ्या या दोराला इंग्रजीत ‘गाय’ म्हणतात. ‘गाय सैल सोड’ असे लिहिले, तर वाघोलीचा वाचक गोठ्याकडेच पाहणार! वाऱ्याआडच्या कोपऱ्याचा दोर ती ‘शीट’. आता नौकेने वारा दुसऱ्या बाजूस घेतला, की दांडाही त्या बाजूस न्यावा लागतो आणि लहान नौकांवर मघाची गाय शीट होते, शीट गाय होते. दोर तेच, नावे बदलली. माहेरची लेक सासरी सून होते तसे. किंवा व्याकरणातील कारकासारखे. ‘राम’ हा शब्द स्वतः कर्ता नसतो, कर्मही नसतो. ते क्रियेशी असलेल्या नात्यावर ठरते.

म्हणूनच इथे केवळ कोशातला अर्थ पुरत नाही. वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि नौका वाऱ्याकडे वळून कलंडू लागली, तर नाविक शीट सोडतो. शिडातला वारा सांडतो, नौका सावरते. अनुवादकाने तिथे ‘शीड उतरवले’ असे लिहिले, तर त्या क्षणी माणसाने नेमके काय केले हेच हरवते. साहसकथेत कृती हेच चारित्र्य असते. चुकीच्या शब्दाने पात्रच बदलते.

मग लिहावे काय? आम्ही ‘वाऱ्याकडचा दोर’ आणि ‘वाऱ्याआडचा दोर’ असे साधे लिहितो. नौकेने बाजू बदलली की ही नावेही आपसूक जागा बदलतात, हा त्यांचा मोठा गुण. अर्थात हे शब्द तात्पुरते आहेत. आपली ग्रंथभाषा बव्हंशी घाटमाथ्यावर घडली. नाळ, डोलकाठी, शीड, सुकाणू हे शब्द तिच्यात रुळले, पण दोरांपाशी ती ‘दोर’ म्हणूनच थांबते. अनुवादाची वही मिटण्यापूर्वी ती घेऊन एकदा घाट उतरायला हवा. ज्यांच्या हातांना अशा दोरांचे घट्टे पडले आहेत, त्यांना विचारल्यावाचून नवा शब्द घडवण्याचा अधिकार आम्हांला नाही.