इतर हक्कातली नावं

जमिनीच्या व्यवहारात भाव हा सगळ्यात सोपा भाग. पार्टी उठते, दारापर्यंत जाते, चपला पायात सरकवते, मग कुणीतरी म्हणतं, "बसा हो, चहा तरी घ्या," आणि दोन आकड्यांच्या मधला आकडा निघतो. मोजणीचा घोळ, रस्त्याचा घोळ, बँकेचा बोजा, ह्यांनाही औषध आहे. वेळ जातो, चार पैसे जातात, पण मार्ग निघतो. माझं डोकं आयुष्यभर खाल्लं ते बहिणीच्या सहीनं. त्यात मी स्वतःला उस्ताद समजत आलो. बीड बायपासपासून हर्सूलपर्यंतचे एजंट अडलेला व्यवहार घेऊन गारखेड्याला माझ्या ऑफिसात यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, एक बहीण अडलीय." मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

सातबारा समोर आला की नवखा एजंट क्षेत्र बघतो, मुरलेला फेरफारांचे नंबर बघतो. एकाच माणसाचं नाव आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर सावध व्हायचं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे थोरला. त्याच्या पाठीमागे किती माणसं उभी आहेत ते सातबारा सांगत नाही. कधी भावांची नावं भोगवटादार म्हणून ओळीनं लागलेली असतात आणि बहिणी 'इतर हक्क' ह्या रकान्यात, सोसायटीचं कर्ज आणि विहिरीतला हिस्सा ह्यांच्या शेजारी. एखाद्या नावाला कंस पडलेला असतो. कंस पडला म्हणजे नाव गेलं. कुठल्या फेरफारानं गेलं तो काढायचा, त्यावर अंगठा कुणाचा आहे ते बघायचं, आणि मराठवाड्यातली जमीन असेल तर १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जायचं. निजामाच्या काळातले उर्दू कागद मला वाचता येत नाहीत. तरी कागद हातात घेतल्यावर घोळ कुठं आहे ते कळतं, असं मी लोकांना सांगतो आणि लोक मानतात.

"बहिणींचं काही नाही हो, त्या आमच्या शब्दाबाहेर नाहीत." हे न म्हणणारा भाऊ मला भेटलेला नाही. कायद्याची एक तारीखही त्याला पाठ असते, त्याच्या सोयीची. पूर्वी सगळे म्हणायचे, "हिचं लग्न ९३ ला झालंय." महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. त्यामुळे त्या काळात लग्नपत्रिका हे आमच्या फायलीतलं महत्त्वाचं कागदपत्र होतं. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि पत्रिकेची किंमत गेली. भावांनी नवी तारीख धरली, "वडील २००५ च्या आधीच गेले." ती चालली २०२० पर्यंत. त्या वर्षी ११ ऑगस्टला विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं येतो, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. लॉकडाऊनमुळे बाजार आधीच थंड होता, त्यात टेबलावरचे व्यवहार पुन्हा पहिल्या पानावर आले. शहागंज, बुढीलेनकडची मुसलमान घरं विकायला निघाली की निदान हिस्सा ठरलेला असतो, मुलाच्या निम्मा मुलीचा, त्यावर वाद नाही. पण सही मागायला तिथंही जावंच लागतं, आणि "आमच्या शब्दाबाहेर नाहीत" हे तिथंही ऐकायला मिळतं.

आता आमच्या धंद्याची एक गोम. घेणारा दोन टक्के देतो, विकणारे भाऊ दोन टक्के देतात, घासाघीस होऊन दीडवर येतात. बहीण आम्हाला काहीच देत नाही. म्हणून बैठकीत सगळ्यांच्या बाजूनं कुणी ना कुणी बोलणारं असतं, ती मात्र कुणाचीच पार्टी नसते. तिच्याकडून काम करून घ्यायचं असतं, तिचं काम कुणी घेतलेलं नसतं.

माझी पद्धत सांगतो, आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भावांना बरोबर न्यायचं नाही. ते गेले की जुनी भांडणं निघतात, आईच्या पाटल्यांपासून सुरुवात होते. भाऊबीजेच्या आठवड्यात जायचं नाही. बाकीचे एजंट मुद्दाम तेव्हाच गाठतात, माहेरी आलेली बाई नाही म्हणत नाही म्हणून. मला ते हलकं काम वाटतं, आणि अशा सहीवरून पुढं कोर्टातही जावं लागतं. आधी दाजींशी बोलायचं, पीकपाणी, पोरांची शिक्षणं. 'हक्कसोडपत्र' हा शब्द घरात पहिल्यांदा आपल्या तोंडून येऊ द्यायचा नाही. खाली सतरंजीवर बसायचं. आणि शेवटी, उठता उठता, माझा हुकमी एक्का: "ताई, माझ्या बहिणीनं २००३ साली सही दिली, चहा व्हायच्या आत. आजही दर राखीला येते." हे खरं आहे. फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या जमिनीवर तिनं सही दिली तेव्हा तिनं कागद वाचलाही नव्हता. ह्या एका गोष्टीवर मी किती व्यवहार पार पाडले असतील! ती घरी आली की मी तिला चांगलं पातळ घेतो. आपलं नाव कुठकुठल्या गावात, कुणाकुणाच्या ओसरीवर घेतलं गेलंय ह्याची तिला कल्पना नाही.

तेव्हा हे चालून जायचं, कारण जमिनीला भाव कुठं होता. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी सरकारनं एकरी २३ लाख दिले आणि पहिल्यांदा बहिणींना कळलं की इतर हक्कातल्या नावालाही पैसे मिळतात. मोबदल्याच्या वाटपावरून घरंच्या घरं भांडली. पुढं समृद्धी महामार्ग आला, डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करचा बिडकीनसाठी करार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पैठण रोडवर पानटपरीवालाही रेट सांगायला लागला. ह्या शहराला मोठ्या आकड्यांची हौस आहेच; २०१० साली इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ते अजून अभिमानानं सांगतात. आताचे पोरगे ड्रोन उडवून रील करतात, "टोयोटापासून फक्त दहा मिनिटं." कुठल्या गाडीत बसून दहा मिनिटं ते सांगत नाहीत. पाणी कितव्या दिवशी येतं तेही सांगत नाहीत. नाथसागर जवळ असून ह्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी आलेलं मी फ्लॅट विकताना लोकांपासून लपवलं नाही, म्हणून माझे फ्लॅट कमी विकले गेले. बाँडवर वीस बाय तीसचे तुकडे विकणारे तर माझ्या आधीपासून आहेत. अर्धं शहर त्यांनी वसवलं. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यांच्या मागून साफसफाई करत आला, २०२१ ला मुदत वाढवली, ते पुढच्या गटात जाऊन पोचले.

रेरा आला १ मे २०१७ ला. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पांढऱ्या केसांनी मी पोरांच्यात जाऊन बसलो आणि पास झालो, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. त्याच परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन पास झालेली एक मुलगी आज माझ्याकडे काम शिकते. वैजापूरकडची, आधी गृहकर्जाच्या फायली फिरवायची. मला गुडघ्यामुळे आता खाली बसता येत नाही. सतरंजीवर बसणारा माणूस मला पाहिजे होता, म्हणून मी तिला ठेवली.

पिसादेवीच्या पुढची जमीन, तीन भाऊ, दोन बहिणी. धाकटीनं सही द्यायचं कबूल केलं होतं. थोरली सिल्लोड तालुक्यात. आम्ही गेलो तेव्हा मिरचीची तोडणी चालू होती, बाईंच्या बोटांची आग होत होती आणि त्या हात ताकात बुडवून बसल्या होत्या. मी खुर्चीवर, दाजींशी पावसाचं बोलतोय. ही खाली बाईंजवळ. आणि मला ऐकू आलं, "मावशी, तिकडं एकराचा काय भाव चाललाय, तुम्हाला सांगितलंय का कुणी?"

मी दाजींकडे बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "नाही बा. काय चालू हाय?" हिनं आकडा सांगितला, घेणाऱ्यानं कबूल केलेला, अगदी खरा. बाईंनी ताकातून हात काढले, पदराला पुसले. एकर किती, भाव किती, वाटेकरी पाच. तोंडातल्या तोंडात हिशोब झाला आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो बरोबर होता. थोरल्या भावाला तोच हिशोब करायला माझ्या टेबलावर मोबाईल लागला होता. मग त्या म्हणाल्या, "सोडून देते असं लिहिणार नाही. विकते असं लिहा."

न शिकलेल्या बाईनं हे म्हणावं! खरेदीखतात बहिणींना आम्ही बसवतो 'संमती देणार' म्हणून, शेवटच्या पानावर. नाहीतर आधीच हक्कसोडपत्र उरकतो, ज्याला पूर्वी दोनशेचा मुद्रांक लागायचा, आता पाचशेचा लागतो. बाईंना 'लिहून देणार' व्हायचं होतं, भावांच्या रांगेत, स्वतःच्या नावाच्या चेकसकट.

परतताना फुलंब्रीपर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही. मग म्हणालो, "तुला भाव सांगायला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "काका, त्यांनी विचारलं असतं तर तुम्ही खोटं सांगितलं असतं का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग?" ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि आहे: न विचारलेलं सांगणं हा आमचा धंदा नाही, भावांनी आम्हाला बोलावलं होतं, त्यांचा भाव चव्हाट्यावर मांडायला नव्हे. पण गाडीत ते बोलायला जमलं नाही.

व्यवहार दोन महिने लोंबकळला. थोरल्यानं ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटला. शेवटी बाईंना पाचवा हिस्सा काही मिळाला नाही, त्याच्या जवळपास निम्मं मिळालं, पण चेकनं, स्वतःच्या खात्यात, आणि खरेदीखतावर त्यांचा फोटो भावांच्या फोटोखाली लागला. घेणारा सगळ्यात खूष. बहीण स्वतः लिहून देणार असली की पुढची वीस वर्षं त्याला झोप लागते. हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त त्याचा उपयोग मी कधी केला नव्हता. भावांनी माझी दलाली अर्ध्यावर आणली.

मुलीला वाटतं विषय संपला. माझ्या मते तिला अजून अर्धंच दिसतंय. त्या दिवाळीला बाईंना न्यायला माहेराहून कुणी आलं नाही. मी जुन्या पद्धतीनं घेतलेल्या सह्यांनंतर बहिणी निदान माहेरी जात राहिल्या. ती म्हणते, "लुगड्यावर." मी म्हणतो, लुगड्यावर तर लुगड्यावर, ते दार उघडं होतं. ती म्हणते, दाराची किंमत किती ते आधी त्यांना कळू दे, मग त्या ठरवतील. हा वाद आमचा दुपारच्या डब्याला रोज असतो. गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला, मुदतठेव कुठल्या बँकेत ठेवू म्हणून. फोन तिला आला. मी समोरच बसलो होतो, "मला द्या" असं मनात आलं आणि फाईल चाळत राहिलो.

आता इसारपावतीत आम्ही एक ओळ घालतो, सर्व वारस लिहून देणार म्हणून सह्या करतील. ती वाचून काही भाऊ उठतात आणि कोपऱ्यावरच्या एजंटाकडे जातात, तो विचारत नाही. त्याच्याकडच्या एका जमिनीचं जाहीर प्रकटन परवा पेपरात होतं, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. बहीण गंगापूरकडे दिलेली आहे हे मला ठाऊक होतं. मी ते प्रकटन ऑफिसातल्या मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "त्यांच्या गावात हा पेपर जातो का?" मी म्हटलं, दुसऱ्याच्या व्यवहारात आपण तोंड घालायचं नसतं. ती गप्प बसली. पंधरा दिवस अजून संपायचे आहेत.

पुढच्या आठवड्यात कन्नडला जायचंय, एकच बहीण आहे. भाव सांगायचा, एवढं मी कबूल केलंय. दाजींसमोर सांगायचा की त्यांना आधी बाहेर पाठवायचं, ह्यावर मात्र आमचं जमत नाही. आकडा ऐकला की दाजी दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जातात आणि बाई तिथंही कुणाची पार्टी राहत नाही, हे मी पाहिलेलं आहे. ती म्हणते, दाजींना पाठवा मिरच्या आणायला. कन्नडला मिरच्या नाहीत, मका आहे, असं मी तिला सांगितलं.