अव्वाचं ‘निधान’

धारला आल्यापासून आमचे चिरंजीव बोटभर बोर्डावर दिवे लुकलुकवतात. मायक्रो यूएसबीची केबल हिसकली, की सॉकेटसकट खालचं तांबंही उपटतं. ते साधारण ३५ मायक्रॉन, केसाच्या निम्मं. मग सोल्डर धरणार कशाला? (इथल्या लाट मशिदीपाशी अख्ख्या लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत, तिथे याची काय कथा!) पैशांपेक्षा पोराचा हिरमोड मोठा.

बेळगावची अव्वा फोनवर सांगते, ‘निधान, निधान!’ पण नुसतं हळू काढून भागत नाही. बोर्ड फळीवर बसवावा. वीतभर केबल त्यात कायमची खोचावी, सॉकेटपाशी किंचित सैल ठेवून पुढे फळीला दोऱ्याने आवळावी. ओढ दोऱ्यावर जाते. जोडणं-काढणं दुसऱ्या टोकाला. काहीजण सॉकेटच्या बाजूंना एपॉक्सीही लावतात. तोंडात गेलं तर सॉकेट बाद.