वेदीपासून मोर्चापर्यंत

वसईच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरमधून विकलं जाऊ लागलं, बागायतींवर बिल्डरांचा डोळा पडला, तेव्हा कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीपाशी थांबून राहिले नाहीत. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते लोकांसोबत रस्त्यावर उतरले. केळी-पानवेलींत राबणारा कॅथलिक शेतकरी आणि त्याचा हिंदू शेजारी एकाच मोर्चात चालले.

धर्मगुरूने राजकारणात कशाला पडावं?

प्रश्न रास्त आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेने धर्मगुरूंना सत्तेची पदं घ्यायला मनाई केली आहे, आणि ते योग्यच. पण पद नको म्हणजे पाण्या-जमिनीच्या लुटीविरुद्ध तोंडही उघडू नये, असं थोडंच आहे! दिब्रिटो सत्तेच्या खुर्चीच्या वाटेला गेले नाहीत. ‘सुवार्ता’ मासिकातून आणि सभांतून मात्र बोलत राहिले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. ते डगमगले नाहीत.

धर्मगुरूने पद घ्यायचं नाही, तर महापालिकेत, विधानसभेत जायचं ते सामान्य ख्रिस्ती माणसाने. तिथे तो फक्त आपल्या समाजाच्या दफनभूमीपुरतं बोलला, तर त्याची श्रद्धा तोकडीच म्हणायची. ख्रिस्ती उमेदवार मत मागायला दारी आला, तर शेजाऱ्याच्या विहिरीसाठी काय करणार, हे त्याला जरूर विचारा.